सायकलने कामावर जाताना: सामाईक वाट आणि वाहता रस्ता

रोज सायकलने कामावर जाणाऱ्याचा मार्ग सहसा एकाच प्रकारचा नसतो. काही भाग नदीकाठच्या किंवा बागेतून जाणाऱ्या सामाईक वाटेचा असतो. तिथे चालणारे, पळणारे, लहान मुले, कुत्र्याला फिरवणारे आणि सायकलवाले एकाच पट्ट्यावरून जातात. मग एखादे क्रॉसिंग लागते आणि पुढे मोटारी-बसचा रस्ता. वाटेवर तुम्ही सगळ्यांत वेगवान आणि जड असता. रस्त्यावर उतरलात की सगळ्यांत हळू आणि हलके. वाटेवर इतरांना तुमच्यापासून धोका, रस्त्यावर तुम्हाला इतरांपासून. ही अदलाबदल पन्नास-शंभर मीटरमध्ये होते, पण चालवायची सवय तीच राहते. धडका आणि भांडणे दोन्ही त्यातून होतात. म्हणून दोन्ही ठिकाणी वेगवेगळे कसे चालवायचे, यावर इथे जास्त भर आहे. सायकलची निगा, सामान, कुलूप हे गरजेपुरते.

पुढे जिथे डावे-उजवे येते, तिथे वाहतूक डावीकडून चालते असे धरले आहे. ती उजवीकडून चालत असेल तर उलटे वाचा.

मार्ग निवडताना

नकाशावरचा सर्वांत जवळचा रस्ता सायकलसाठी क्वचितच चांगला असतो. अंतर एखाद्या किलोमीटरने वाढले तरी चालेल, पण चार गोष्टी कमी हव्यात: वेगवान वाहनांबरोबर कापावे लागणारे अंतर, उजवीकडे वळायची ठिकाणे, सिग्नल आणि खराब पृष्ठभाग. सामाईक वाट घेणार असाल तर ती रात्री बंद होते का, दिवे आहेत का, पावसात पाणी साचते का, हे आधी पाहून ठेवा. संध्याकाळी परतताना फाटक बंद मिळाले तर अंधारात अनोळखी रस्ता शोधावा लागतो.

पहिली फेरी सुट्टीच्या दिवशी मारा. खड्डे, चढ, गतिरोधक, वाटेतले खांब तेव्हा नीट दिसतात. दुसरी फेरी मात्र कामाच्या वेळेलाच हवी, कारण सकाळी साडेआठची गर्दी सुट्टीच्या दिवशी दिसत नाही. जाण्याचा आणि येण्याचा मार्ग एकच असला पाहिजे असेही नाही. सकाळी रिकामी असलेली वाट संध्याकाळी फिरायला आलेल्यांनी भरलेली असू शकते. तशी असेल तर परतीला समांतर जाणारा शांत रस्ता बरा.

वेळेचा हिशेब धरताना थांबे मिळून सरासरी ताशी १५ किमी धरा. म्हणजे ६ किमीला २४ मिनिटे. त्यात कुलूप लावणे, तोंड धुणे, शर्ट बदलणे यांची दहा मिनिटे मिळवा. ही दहा मिनिटे न धरणारा माणूस दुसऱ्याच आठवड्यात वाटेवर घाई करू लागतो.

सायकल अंगाला बसवा

सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये. ही सीटची उंची. मग तळव्याचा पुढचा, बोटांमागचा भाग पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. सीट फार खाली असेल तर गुडघ्यांची पुढची बाजू दुखते. फार वर असेल तर गुडघ्यामागे ताण येतो आणि सीटवर कंबर डावी-उजवी हलते. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकलेच पाहिजेत, हा समज सोडून द्या. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा असतो.

ब्रेकचे लिव्हर असे फिरवा की दोन बोटे त्यांवर ठेवल्यावर मनगट आणि हात एका रेषेत राहतील. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते आधी तपासा, कारण सगळ्या सायकलींना ते सारखे नसते. जोरात थांबताना वजन पुढे सरकते, म्हणून थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. नुसता मागचा दाबला तर चाक घसरत जाते आणि अंतर वाढते. रिकाम्या जागेत ताशी १५-२० च्या वेगाने दोन्ही ब्रेक हळूहळू वाढत्या दाबाने लावण्याचा सराव करा. हात ताठ ठेवायचे, अंग मागे आणि खाली घ्यायचे. हा सराव अर्ध्या तासाचा आहे, आणि हेल्मेटपेक्षाही आधी उपयोगी पडतो.

हेल्मेट घालाच. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटे, पट्ट्यांचा जोड कानाच्या पाळीखाली, हनुवटीखाली एक-दोन बोटे जातील इतकीच जागा. मागे सरकवून टोपीसारखे घातलेले हेल्मेट कपाळ उघडे टाकते.

निघण्याआधी एक मिनिट

हवा, ब्रेक, साखळी. एवढेच, पण रोज.

अंगठ्याने टायर दाबून रोज पाहा आणि आठवड्यातून एकदा दाब दाखवणाऱ्या गेजच्या पंपाने हवा भरा. ट्यूब फुटलेली नसली तरी रबरातून हवा सावकाश जातच असते. साधारण सत्तर किलोच्या माणसाला ३५ ते ४० मिमी रुंद टायरसाठी ५० ते ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप), २८ मिमीसाठी ७५ ते ९०, दोन इंची जाड टायरसाठी ३५ ते ४५ हे आकडे सुरुवातीला ठीक. मागच्या चाकावर वजन जास्त असते, तिथे ५ ते १० पीएसआय जास्त ठेवा. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. हवा कमी असेल तर खड्ड्यात रिम आणि रस्त्यामध्ये ट्यूब चेपून फुटते. फार जास्त असेल तर हात बधिर होतात आणि ओल्या जागी पकड जाते.

ब्रेकचे लिव्हर दाबून पाहा. ते हँडलच्या मुठीला टेकत असतील तर केबल ताणायला हवी किंवा ब्रेक शू झिजले आहेत. शूवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की ते बदला. पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे-मागे ढकला. हँडलच्या मुळाशी कट-कट जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, सैल आहे. शेवटी पेडल उलटे फिरवून साखळी ऐका. ती करकरत असेल तर संध्याकाळी तेल द्या.

सामाईक वाटेवर

बहुतेक ठिकाणी अशा वाटेवर चालणाऱ्याला अग्रक्रम असतो. कुठे तसा नियम लिहिलेला नसला तरी तो आहे असे धरूनच चालवा.

आधी रुंदी समजून घ्या. सायकलचे हँडल साधारण ६० ते ७० सेंमी रुंद असते, पण सायकल चालताना जराशी डावी-उजवी डुलते, म्हणून तिला प्रत्यक्षात एक मीटर लागतो. तीन मीटरच्या वाटेवर दोघे जण गप्पा मारत शेजारी शेजारी चालत असतील तर दीड मीटर त्यांचे. उरलेल्या दीड मीटरमध्ये तुमचा एक मीटर आणि मधले अर्धा मीटर अंतर. म्हणजे समोरून दुसरी सायकल येत असेल तर तिथे जागाच नाही. अशा वेळी जाईल कसेतरी म्हणून घुसू नका. वेग कमी करा, त्या दोघांच्या मागे राहा, समोरची सायकल जाऊ द्या, मग ओलांडा. यात जास्तीत जास्त सात-आठ सेकंद जातात.

आता वेग. हात ब्रेकवर जायला एक सेकंद धरला, तर कोरड्या जमिनीवर चांगल्या ब्रेकने ताशी १५ किमीवरून थांबायला साधारण साडेसहा मीटर लागतात आणि ताशी २५ वरून १३ मीटर. वेग दुप्पट झालेला नसताना अंतर मात्र दुप्पट होते. तुमच्या मार्गात दीड किलोमीटर गर्दीची वाट असेल, तर ती ताशी २५ ने साडेतीन मिनिटांत संपेल, ताशी १५ ने सहा मिनिटांत. इतकी जोखीम इतरांवर टाकून वाचतात ती फक्त अडीच मिनिटे. ती वाचवण्यापेक्षा घरून अडीच मिनिटे लवकर निघणे केव्हाही चांगले. वाट मोकळी आणि दूरवर दिसणारी असेल तर ताशी २० ठीक. माणसे दिसली की १५. लहान मुले, कुत्री, आंधळे वळण किंवा पूल आला की १० किंवा त्याहून कमी. खूपच गर्दी असेल तर उतरून चालत जा.

घंटी लांबून वाजवा. तुम्ही ताशी १५ ने आणि चालणारा त्याच दिशेला ताशी ५ ने जात असेल, तर वीस मीटरवरून वाजवलेल्या घंटीनंतर त्याच्यापाशी पोचायला सात सेकंद लागतात. एवढ्या वेळात माणूस ऐकतो, समजतो आणि बाजूला होतो. पाच मीटरवरून वाजवली तर दोन सेकंदही मिळत नाहीत. तो दचकतो आणि जिकडे मान वळवतो तिकडेच पाऊल टाकतो, अनेकदा नेमके तुमच्या पुढ्यात. एकदा, फार तर दोनदा वाजवा. सतत वाजवत राहिलात तर लोकांना ती घंटी म्हणजे 'हटा' वाटते. जवळ आल्यावर ‘उजवीकडून येतोय’ किंवा ‘येतेय’ असे साध्या आवाजात सांगा आणि पुढे गेल्यावर आभार माना. हे नुसते सौजन्य नाही. मागून कोणी आहे आणि ते कोणत्या बाजूने जाणार, ही माहिती त्यातून मिळते.

घंटी ऐकूनही माणूस हलला नाही तर तो मुद्दाम अडवतोय असे समजू नका. कानात इअरफोन असतील, ऐकू कमी येत असेल किंवा दिसत नसेल. पांढरी काठी दिसली तर वेग चालण्याइतका कमी करा, बोलून आपण कुठे आहोत ते सांगा आणि लांबून जा. सायकलचा आवाज होत नाही, म्हणून ती अंगाजवळून गेल्यावरच कळते. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी ते फार भीतीदायक असते.

कुत्रा आणि मालक यांच्या मधून कधीही जाऊ नका, दोर दिसत नसला तरी. लांब होणारा बारीक दोर संध्याकाळच्या उजेडात अजिबात दिसत नाही आणि वाटेवर आडवा ताणला की सायकल, कुत्रा आणि माणूस तिघेही पडतात. मालकाच्या बाजूने जा. लहान मूल आई-वडिलांच्या पलीकडच्या कडेला असेल तर ते तुम्हाला पाहून धावत आई-वडिलांकडेच येणार हे गृहीत धरा. म्हणजे तुमच्या रस्त्यातून. पोरगे हाताला धरलेले दिसेपर्यंत ब्रेकवर बोटे हवीत.

ओलांडल्यावर लगेच डावीकडे कापू नका. मागच्या चाकाच्या मागे दोन-तीन मीटर अंतर पडले की मग वळा. वळणावर आणि पुलाच्या चढावर ओलांडू नका. वाटेच्या तोंडाशी मोटारी अडवायला लावलेले खांब पुढच्या सायकलस्वाराच्या पाठीमागे झाकले जातात, त्यामुळे कोणाच्याही अगदी मागे चिकटून जाऊ नका. तुम्ही पुढे असाल तर खांब दिसताच ओरडून सांगा. फोन बघायचा असेल, पाणी प्यायचे असेल तर वाट सोडून कडेच्या गवतावर थांबा. वाटेच्या मधोमध उभी सायकल म्हणजे मागच्यासाठी आडवी भिंत.

मोटर लावलेली सायकल असेल तर एक जास्तीची काळजी. युरोपात २५० वॉट आणि ताशी २५ किमीपर्यंत मदत करणाऱ्या सायकली साध्या सायकलींत मोजल्या जातात, पण त्यांचे वजन बहुधा वीस किलोच्या पुढे असते आणि थांब्यावरून उचल फार पटकन येते. सामाईक वाटेवर मदतीची सर्वांत खालची पायरी ठेवा किंवा मोटर बंदच करा.

वाट रस्त्याला मिळते ती जागा

पूर्ण मार्गातला हा सर्वांत नाजूक तुकडा. वाटेवर दहा मिनिटे निवांत चालवून आलेले मन सैल असते, आणि मोटार चालवणारा तिथे चालणाऱ्याच्या वेगाने कोणीतरी येईल एवढीच अपेक्षा ठेवतो. चालणारा एका सेकंदात दीड मीटर येतो, ताशी २० ने येणारी सायकल साडेपाच मीटर. चालकाने पाहिले तेव्हा तुम्ही झुडपामागे होता, आणि त्याने ॲक्सिलरेटर दाबला तेव्हा पुढ्यात.

म्हणून क्रॉसिंगच्या वीस मीटर आधी गिअर हलका करा, दोन्ही ब्रेकवर बोटे ठेवा आणि चालण्याच्या वेगावर या. अग्रक्रम तुमचा असला तरीही. चालकाच्या डोळ्यांकडे बघून भागत नाही. काचेवर उजेड पडला की डोळे दिसत नाहीत आणि पाहणारा माणूस तुम्हाला पाहतोच असे नाही. गाडीचे पुढचे चाक बघा. चाक फिरायचे थांबले तरच गाडी थांबली. एक लेन थांबली म्हणून दुसरी थांबेल असे धरू नका. थांबलेल्या बसच्या पलीकडून दुचाकी निघते. क्रॉसिंग ओलांडून रस्त्यावर वळायचे असेल तर उतरून, कडेला थांबून, मागे नीट पाहून मग रहदारीत शिरा. फूटपाथवरून तिरपी उडी मारून लेनमध्ये आलात तर मागच्या चालकाला तुम्ही अचानक उगवल्यासारखे दिसता.

रस्त्यावर

इथे आक्रसून जाऊ नका. नवखा माणूस डाव्या कडेला इतका चिकटतो की त्याला गटाराच्या जाळ्या, काचा आणि खडी यांच्यातून जावे लागते. मग दर खड्ड्याला तो अचानक उजवीकडे येतो आणि मागच्या गाडीला कसलाच अंदाज येत नाही. कडेपासून निदान पाऊण-एक मीटर सोडून सरळ रेषेत चालवा. लेन अरुंद असेल, पुढे चौक असेल किंवा डावीकडे उभ्या गाड्या असतील, तर लेनच्या मध्यावर या. मागच्या गाडीला ओलांडायला लेन बदलावीच लागेल, हे तिला दिसले पाहिजे. जागा मोकळी झाली की पुन्हा डावीकडे सरका आणि हाताने पुढे जायला सांगा. चालक सहसा समजून घेतात.

उभ्या मोटारीचे दार उघडले की ते एक मीटरच्या आसपास बाहेर येते, म्हणून उभ्या गाड्यांपासून तुमचे हँडल सव्वा ते दीड मीटर दूर हवे. मागच्या काचेतून आत डोके दिसते का, ब्रेकचा दिवा आत्ताच विझला का, चाक वळलेले आहे का, हे बघत जा. गाड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत आत-बाहेर करू नका. (मोटारीतून तुम्ही स्वतः उतरताना दार लांबच्या हाताने उघडा. खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारी सायकल दिसते. घरातल्यांनाही ही सवय लावा.)

चौकात दोन धोके असतात. पहिला: तुम्हाला ओलांडून लगेच डावीकडे वळणारी गाडी. चौकाच्या २०-३० मीटर आधी मागे पाहून लेनच्या मध्यावर आलात की ती मागेच राहते. दुसरा: समोरून येऊन उजवीकडे, तुमच्या पुढून वळणारी गाडी. मोठ्या गाडीच्या आडोशाने चौक ओलांडत असाल तर समोरच्याला तुम्ही दिसत नाही.

ट्रक आणि बस यांच्या डाव्या बाजूने कधीही पुढे घुसू नका, सिग्नलला थांबलेल्या असल्या तरी. उंच केबिनमधून डावी बाजू आणि नाकासमोरची जागा चालकाला दिसत नाही. त्यातही वळताना मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणजे डाव्या कडेला जी जागा मोकळी वाटली ती वळण सुरू होताच मिटते. मागे थांबा. तुम्हाला तिचे आरसे दिसत नसतील तर चालकालाही तुम्ही दिसत नाही.

उजवीकडे वळायचे दोन प्रकार आहेत. रहदारी हळू असेल तर बऱ्याच आधी मागे पाहा, उजवा हात काढा, पुन्हा पाहा आणि एकेक लेन सरकत जा. रस्ता मोठा आणि वेगवान असेल तर दोन टप्प्यांत वळा: हिरव्या दिव्यावर डाव्या कडेने सरळ पलीकडे जा, तिथल्या कोपऱ्यावर थांबून सायकल वळवा आणि आडव्या रस्त्याचा दिवा हिरवा झाला की निघा. कोपनहेगनमध्ये वाहतूक उजवीकडून चालते, तिथे सायकलस्वार डावीकडे असेच वळतात. एक सिग्नल जास्त थांबावे लागते, पण सहा लेन कापत जाण्याची वेळ येत नाही.

मागे वळून पाहण्याचा आणि एका हाताने चालवण्याचा सराव रिकाम्या मैदानात करा. मान वळली की हँडलही त्याच बाजूला वळते, हे सुरुवातीला सगळ्यांचेच होते. हनुवटी खांद्याला लावून पाहा आणि दुसऱ्या हाताची मूठ सैल ठेवा. पांढऱ्या रेषेवर सरळ चालवत मागच्या एखाद्या पाटीवरचा मजकूर वाचता आला की झाले.

उलट दिशेने चालवू नका, पन्नास मीटरसाठीही नाही. गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणारा चालक ज्या बाजूने गाड्या येतात तिकडेच बघतो. तुम्ही त्याच्या पाठीकडून येत असता.

सिग्नलला थांबण्याआधीच गिअर हलका करा, म्हणजे निघताना सायकल डगमगत नाही. निघायचे पेडल घड्याळातल्या दोनच्या काट्याइतके वर ठेवा आणि त्यावर वजन टाकून निघा. दोन सिग्नलमध्ये जोर मारून काही मिळत नाही. कोपनहेगनच्या नॉरेब्रोगेड या रस्त्यावर गर्दीच्या वेळचे सिग्नल ताशी २० किमीच्या एकसारख्या चालीला जुळवलेले आहेत. त्याच वेगाने जाणाऱ्याला हिरवे दिवे मिळत जातात, जोर मारणारा पुढच्या लाल दिव्यावर थांबतो.

अंधार आणि पाऊस

पुढे पांढरा, मागे लाल. दिव्यांच्या रस्त्यावर दिसण्यापुरते १०० ते २०० ल्युमेन (उजेडाचे माप) पुरतात. अंधाऱ्या वाटेवर स्वतःला दिसायला ३०० ते ६०० लागतात. सामाईक वाटेवर चमकता दिवा लावू नका आणि दिवा खाली झुकवा. झोताचा मध्य आठ-दहा मीटरवर जमिनीला लागला पाहिजे. सरळ डोळ्यांवर आलेल्या झोताने समोरच्या माणसाला पुढची अनेक सेकंदे काहीच दिसत नाही, आणि मग तो नेमका कुठे पाऊल टाकेल ते सांगता येत नाही. जर्मनीच्या नियमांप्रमाणे बनलेल्या दिव्यांचा झोत मोटारीसारखा वरून कापलेला असतो. मिळाला तर तो घ्या. घोट्यांना चमकते पट्टे बांधा. वर-खाली हलणारे दोन ठिपके पाहिले की चालकाला ही सायकल आहे हे लगेच ओळखू येते. अंगातल्या जॅकेटवरच्या पट्ट्या तेवढ्या पटकन ते सांगत नाहीत.

पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते तेव्हा घसरण सर्वांत जास्त. रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणे, ओली पाने आणि शेवाळ यांच्यावर वळू नका आणि ब्रेकही लावू नका. सरळ, पेडल न मारता पार करा. रूळ आडवे आले तर शक्यतो काटकोनात ओलांडा. तिरपे गेलात तर पुढचे चाक फटीत अडकते. रिमवर लागणारे ब्रेक ओले असताना पहिला एखादा फेरा नुसते पाणी पुसण्यात जातो, म्हणून आधीपासून हलके दाबत राहा. पाण्याखालचा रस्ता दिसत नसेल तर डबक्यात जाऊ नका. दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवा. पुढच्या मडगार्डला खाली रबरी झडप असली की बूट आणि साखळी दोन्ही वाचतात.

सामान, कपडे, कुलूप

वजन पाठीवर घेऊ नका, मागच्या कॅरियरला लावायच्या बाजूच्या पिशवीत टाका. पाठ घामेजत नाही आणि वजन खाली राहते. पिशवी टाचेला लागत असेल तर मागे सरकवा. हँडलला पिशवी अडकवायची सवय मोडा. ती पुढच्या चाकात गेली तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. लोंबणारे पट्टे, ओढणी, बुटांच्या लेसा खोचून घ्या. उजव्या पायाची विजार साखळीकडे असते, तिला पट्टा बांधा. शेवटचा किलोमीटर सावकाश चालवलात तर घाम वाटेतच सुकतो.

कुलूप यू आकाराचे घ्या आणि ते सायकलची फ्रेम, मागचे चाक आणि जमिनीत पक्का बसलेला खांब या तिघांतून घाला. खांब वरून उघडा असेल तर सायकल उचलून काढता येते. कुलुपात मोकळी जागा जितकी कमी, तितकी पहार घालायला अडचण. ते जमिनीपासून वर ठेवा, म्हणजे हातोड्याला आधार मिळत नाही. पुढचे चाक हाताने सुटणारे असेल तर त्याला वेगळी साखळी लावा. फ्रेमवर कोरलेला क्रमांक (बहुधा पेडलांच्या धुरीखाली असतो) आणि सायकलचा फोटो फोनमध्ये ठेवा.

साखळी आणि पंक्चर

साखळीला साधारण दीडशे-दोनशे किलोमीटरनी किंवा भिजल्यावर तेल द्या. आधी फडक्याने पुसा, मग प्रत्येक कडीच्या रोळावर एक थेंब, दोन मिनिटे फिरवून वरचे सगळे पुन्हा पुसून काढा. बाहेर राहिलेले तेल धूळ धरते आणि ती धूळ साखळी घासते. नव्या साखळीच्या १२ पूर्ण कड्या पिनेपासून पिनेपर्यंत बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिमी भरतात. हे अंतर ३०६.४ मिमीला पोचले की साखळी बदला. ३०८ पर्यंत थांबलात तर मागची दातेरी चक्रेही झिजलेली असतात आणि नवी साखळी त्यांवर उड्या मारते.

पंक्चरसाठी पिशवीत हवे: एक नवी ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, ठिगळांची डबी, ४-५-६ मिमीच्या ॲलन की, आणि चाक नटांनी बसवलेले असेल तर १५ मिमीचा पान्हा.

१. मागचे चाक असेल तर साखळी आधी सर्वांत लहान चक्रावर आणा. रिम ब्रेक असेल तर तो सैल करून चाक काढा.

२. उरलेली हवा सोडा आणि टायरच्या दोन्ही कडा बोटांनी चेपत रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, पूर्ण गोल फिरत. हे केले नाही तर टायर निघता निघत नाही आणि लिव्हर तुटतात. मग व्हॉल्वच्या समोरच्या बाजूला एक लिव्हर घाला, दुसरा त्यापासून दहा सेंमीवर, आणि एक कड बाहेर काढा.

३. ट्यूब काढताना व्हॉल्व टायरवर कुठे होता ते लक्षात ठेवा. ट्यूबमध्ये हवा भरून गालाजवळ फिरवा. बारीक वारा जाणवतो. भोक सापडले की ट्यूब टायरला लावून बघा, म्हणजे काटा नेमका कुठे असेल ते कळते. टायरच्या आतून फडके फिरवा, बोट नको. काच किंवा तार असते. काटा न काढता नवी ट्यूब घातली तर दोनशे मीटरवर पुन्हा खाली बसाल.

४. नव्या ट्यूबमध्ये तिचा गोल आकार येईल एवढीच हवा भरा आणि ती आत बसवा. व्हॉल्व सरळ हवा. टायरची कड अंगठ्यांनी चढवा आणि शेवट व्हॉल्वपाशी करा. शेवटचा भाग कठीण वाटला तर समोरची कड पुन्हा खोलगटात ढकला. लिव्हर लावला की तो ट्यूबला चावतो. व्हॉल्व एकदा आत दाबून सोडा, दोन्ही बाजूंनी ट्यूब कडेखाली अडकलेली नाही हे पाहा आणि अर्धी हवा भरा. टायरच्या बाजूवरची बारीक रेघ सगळीकडे रिमपासून सारखी दिसली की पूर्ण भरा.

रस्त्यावर ठिगळ लावत बसू नका, ते घरी. भोकाभोवती पॉलिश पेपरने घासा, ठिगळापेक्षा मोठ्या जागेवर सोल्यूशनचा पातळ हात द्या आणि बोटाला चिकटणे थांबेपर्यंत, साधारण पाच मिनिटे, थांबा. ओल्यावर लावलेले ठिगळ दुसऱ्या दिवशी सुटते.

भोकाची जागाही कारण सांगते. बाहेरच्या बाजूला एकच असेल तर काटा किंवा काच. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब चेपली. आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे आणि स्पोकचे टोक लागते आहे; पट्टी बदलल्याशिवाय पंक्चर थांबणार नाहीत. व्हॉल्वच्या मुळाशी फाटली असेल तर कमी हवेमुळे ट्यूब आत सरकत होती, आणि तिथे ठिगळ धरत नाही. ती ट्यूब टाकून द्या आणि पिशवीत त्याच दिवशी दुसरी ठेवा.